उष्टी हळद आणि क्रीम रंगाचा सोफा: एका घरातल्या तीन डागांचं प्रकरण

वैशाखातली लग्नतिथी. सांगलीत विश्रामबागेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलीकडची बाजू. लग्नाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मुलाकडून उष्टी हळद आली, नवरीला पाटावर बसवून हळद लागली, सुवासिनींचं झालं, आणि मग करवल्या नि मावसभावंडं एकमेकांना धरून फासायला लागली. हल्ली हे होतंच. घरच्यांनी काळजी घेतली नव्हती असंही नाही. पाटाखाली जुनी चादर अंथरली होती. पण हळद चुकवून पळणारं पोर चादरीवर थोडंच पडतं, ते सोफ्यावर जाऊन पडतं.

सकाळी नवरीच्या मामांचा फोन आला. “हळद लागलेली हो सोफ्याला, ती धुतली तर लाल झाली. रक्त सांडल्यागत दिसतंय. आज देवक बसायचंय, पाहुणे यायला लागलेत.”

माझं काम सोफे आणि गालिचे साफ करण्याचं. त्याआधी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या रंगखात्यात होतो. त्यामुळे ‘हळद लाल झाली’ म्हटल्यावर घरात काय घडलं असेल याचा अंदाज फोनवरच आला. त्यांना एवढंच सांगितलं, “आता कुणी काही लावू नका. पाणीसुद्धा नाही. कोरडा टॉवेल दाबून ठेवा, मी येतो.”

घरात गेल्यावर बघितलं, डाग तीन होते. तीन जणांच्या सोफ्याचा उजवा हात आणि त्याला लागून असलेली बैठकीची उशी, यावर हळद. सोफा वर्षभराचाही नव्हता, क्रीम रंगाचा, जाड विणीच्या कापडाचा. समोर उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा हाताने गाठी मारलेला लोकरी गालिचा, चार बाय सहा फुटांचा, मधला भाग मरून आणि कडेची पट्टी हस्तिदंती. त्याच्या मधोमध सांडलेला चहा, आणि हस्तिदंती पट्टीवर मेंदीच्या हाताचा ठसा. मेंदीबद्दल फोनवर कुणी बोललंच नव्हतं. हळदीच्या गोंधळात ती नजरेआड झाली होती.

मी पहिला प्रश्न विचारतो तो डाग कशाचा आहे हा नव्हे. ते बहुतेक वेळा दिसतंच. डागाला आतापर्यंत काय काय लावलं, हे विचारतो. या प्रश्नावर सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कुणाचा सल्ला, कुणाचा हात, हे चारचौघांत निघायला नको असतं. शेवटी नवरीच्या आत्यांनीच सगळं क्रमाने सांगितलं, आणि तेवढ्याने माझं निम्मं काम झालं.

आधी ओल्या नॅपकिनने पुसलं. हळदीचा गोळा अजून ओला आणि जाड होता, तो चमच्याने उचलून घेता आला असता. पुसल्यामुळे हाताच्या तळव्याएवढा डाग पुस्तकाएवढा झाला आणि विणीत खोल बसला. मग कपड्यांची डिटर्जंट पावडर कोमट पाण्यात कालवून ब्रशने घासलं. तेव्हा रंग बदलला. लाल बघून सगळे घाबरले, आणखी जोरात घासलं. मग मोबाइलवर बघून कुणीतरी बेकिंग सोडा भुरभुरला आणि त्यावर व्हिनेगर ओतलं. भरपूर फेस आला, तो बघून बरं वाटलं, डाग होता तिथेच. शेवटी शेजारच्या वहिनींनी बाथरूम धुवायचं क्लोरीनचं ब्लीच आणून दिलं. त्याची बाटली टीपॉयवर उघडी होती, तेवढ्यात मामांनी मला फोन केला होता.

ती बाटली मी आधी बंद करून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली. सोफ्यावर व्हिनेगर मुरलेलं असताना त्यावर क्लोरीन ब्लीच पडलं असतं तर विषारी क्लोरीन वायू सुटू शकला असता, तोही खिडक्या लावलेल्या, एसी चालू असलेल्या खोलीत, जिथे दोन आज्ज्या आणि एक तान्हं बाळ होतं. डाग राहिला तर राहू दे, पण ब्लीच आणि आम्ल हे दोन्ही एका जागी कधीही नको. ब्लीच आणि अमोनियाचंही तसंच.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याची जी पद्धत घरोघरी पोचली आहे तिचं मला नवल वाटतं. सोडा अल्क, व्हिनेगर आम्ल. दोन्ही भेटली की एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तोच फेस, आणि मागे राहतं ते सोडियम अॅसिटेट नावाचं मीठ आणि पाणी. डाग काढायला दोघांपैकी फारसं काही शिल्लक राहत नाही. सिंकच्या जाळीतला कचरा हलवायला तो फेस कदाचित उपयोगी पडेल, सोफ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता लाल रंगाकडे. हळदीचा पिवळेपणा येतो कर्क्युमिनमुळे. वजनाच्या हिशोबाने ते हळदीत साधारण २ ते ५ टक्केच असतं, पण रंगवायला तेवढं पुरून उरतं. त्याचे तीन गुण लक्षात ठेवले की हळदीच्या डागाचं वागणं कळतं. एक, ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. तेलात, स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून नुसतं पाणी लावून पुसलं की डाग जात नाही, पसरतो. दोन, त्याचा रंग आम्ल-अल्कावर ठरतो. आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा, सामू, म्हणजे पीएच, साधारण ८ च्या वर गेला की तांबडा-तपकिरी. शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद याचसाठी असायचा. बेकिंग सोड्याचं पाणी ८ च्या जरा वर असतं, कपड्यांच्या डिटर्जंट पावडरचं १० च्या आसपास जातं. आणि तीन, उन्हात ते टिकत नाही.

आज्जी सोफ्याकडे बघत म्हणाल्या, “हे तर कुंकू झालं.” अगदी बरोबर. घरी कुंकू करायचे तेव्हा हळदीला चुन्याची निवळी लावूनच ते लाल करायचे. सोफ्यावर डिटर्जंटने तेच केलं होतं. तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवा डाग पडलेला नव्हता, जुन्याच डागाने रंग बदलला होता.

इथे एक शंका येते, आणि आत्यांनी ती विचारलीच: साडीवर आमटी सांडली तर आम्ही साबणच लावतो, ती लाल होते, धुतली की जाते, मग सोफ्याचं काय बिघडलं? साडीला भरपूर पाण्यातून खळबळून काढता येतं. लाल रंग साबणाबरोबर निघून जातो, राहिलेला पिवळा दोरीवरच्या उन्हात उडतो. अल्कात कर्क्युमिन मोडतंही लवकर. म्हणजे कपड्याला साबण चुकीचा नाही. सोफ्याला बादलीत बुडवता येत नाही. त्यात घातलेला साबण आत फोममध्ये जाऊन बसतो, पूर्ण कधीच निघत नाही, आणि पुढे महिनोन्‌महिने धूळ धरून ठेवतो. शिवाय लाल दिसलं की माणूस घासत सुटतो, आणि घासल्याने विणीचे तंतू फुलतात. रंग गेला तरी ती जागा खरखरीत आणि मळकी दिसत राहते. अशा जागा मी पुष्कळ बघितल्यात. डाग गेलेला असतो, घासलेलं मात्र जात नाही.

काम सुरू करण्याआधी कापड ओळखायला हवं होतं. परदेशी सोफ्यांच्या लेबलवर डब्ल्यू, एस, डब्ल्यूएस, एक्स अशी अक्षरं असतात: पाण्याने साफ करा, फक्त सॉल्व्हंटने करा, दोन्ही चालेल, नुसतं व्हॅक्यूम करा. आपल्याकडे कारागिराकडून करून घेतलेल्या सोफ्यावर असलं काही नसतं. मग सोफा पालथा करायचा. तळाला काळं पातळ कापड स्टेपलर पिनांनी ठोकलेलं असतं, त्याच्या दोन पिना उचकटल्या की आत दुमडलेलं जादा कापड मिळतं. तिथला एक धागा काढून गॅलरीत जाऊन चिमट्यात धरून जाळला. टोक वितळून काळा कडक मणी झाला, पण कडेने थोडी राखही पडली आणि कागद जळल्याचा वास आला. म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्रण. हे चांगलं. व्हिस्कोस निघालं असतं तर हात आखडता घ्यावा लागला असता, कारण ते ओलं झालं की कमजोर होतं, पिवळं पडतं आणि पाण्याच्या कडा धरतं. लोकर किंवा रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता आणि टोकाला बोटाने चुरडणारी काळी राख राहिली असती.

त्याच दुमडलेल्या भागावर तिन्ही औषधांचे थेंब टाकून ठेवले: पातळ व्हिनेगर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड. तोवर गालिचाच्या चहाकडे वळलो, म्हणजे वेळ वाया जायला नको. थेंब वाळल्यावर कापडाचा मूळ रंग बदललेला नव्हता.

पहिलं काम व्हिनेगरचं, आणि तेही पांढऱ्या. एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्या पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत. ते लालवर हलकं मारलं आणि आत्यांना जवळ बोलावलं. बघता बघता कडेकडून पिवळं सरकत आत आलं, आणि दहा-पंधरा सेकंदांत लाल गायब. मंडळींचा जीव भांड्यात पडला. खरं तर डाग एक तसूभरही कमी झाला नव्हता. पण डिटर्जंटचा अल्क मारला गेला होता, आणि आता हळद जिथून बिघडली त्या जागी परत आणून ठेवली होती. पुढची सगळी मेहनत पिवळ्यावर करायची. एका बारीक ठिकाणी, पायपिंगच्या, म्हणजे कडेला शिवलेल्या गोल पट्टीच्या शिवणीत, लाल परत डोकावलं. तिथे पावडरचा न विरघळलेला कण अडकला होता. ही हळदीची एक सोय आहे. आत अल्क कुठे उरलाय ते ती स्वतःच दाखवते.

मग तेल. हळद खोबरेल तेलात कालवली होती, हे विचारल्यावर कळलं. तेल असेपर्यंत रंग तेलाच्या आसऱ्याने बसतो. आधी कोरडं काम: कॉर्नफ्लोअर (मक्याचं पांढरं पीठ) जाडसर पसरून, वर कागद ठेवून दाबून ठेवलं, अर्ध्या तासाने व्हॅक्यूमने ओढलं. मुलतानी मातीही तेल चांगलं ओढते, पण तिचा स्वतःचा रंग असतो, म्हणून क्रीम कापडावर मी वापरत नाही. त्यानंतर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब एका वाटीभर गार पाण्यात. हे लिक्विड कपड्यांच्या पावडरीसारखं अल्कधर्मी नसतं, सामू साताच्या आसपास राहतो, त्यामुळे लाल होत नाही. पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन नुसतं टिपलं. फडकं पांढरंच हवं: रंगीत फडक्याचा रंग उतरला तर आपणच चौथा डाग पाडू, आणि पांढऱ्यावर किती पिवळं येतंय ते दिसतं.

टिपायचं कसं, ते दाखवावं लागतं. डागाच्या बाहेरून आत, फडक्याची कोरडी बाजू सारखी बदलत, सरळ वरून दाबून उचलायचं. फिरवायचं नाही. फिरवलं की आपण पसरवतो. हे सांगूनही पाच मिनिटांनी लोकांचा हात गोल फिरायला लागतो. मामांचाही लागला.

तेल गेल्यावर स्पिरिट. मी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, औषधाच्या दुकानात मिळतं. घरोघरी कोविडच्या काळात आणलेलं सॅनिटायझर पडून असतं, तेही चालतं, मात्र पाण्यासारखं पातळ हवं. जेलवालं नको, त्यातला घट्ट करणारा पदार्थ कापडावर चिकट राहतो. स्पिरिट लावण्याआधी एक गोष्ट करावी लागली. देवक बसायचं म्हणून त्याच खोलीत कोपऱ्यात समई लावून ठेवली होती. ती आतल्या खोलीत हलवायला सांगितली, एसी बंद, खिडक्या उघड्या. आज्जींना समई हलवणं पसंत नव्हतं, पण स्पिरिटची वाफ दिसत नाही आणि ज्योतीपर्यंत सहज पोचते. सोफ्याच्या लाकडी पायांना फ्रेंच पॉलिश होतं, त्यावर प्लॅस्टिक गुंडाळलं, कारण लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं.

स्पिरिट सोफ्यावर ओतायचं नसतं, फडक्यावर घ्यायचं. पहिल्या फडक्याला गर्द पिवळं आलं, दुसऱ्याला कमी, मग फिकट. फडक्यावर रंग येणं थांबलं तिथे मीही थांबलो. त्यापुढे स्पिरिट लावत राहिलं तर उरलेला रंग विरघळून फोमच्या दिशेने खाली जातो. सोफ्यावर या वेळी डाग साधारण निम्म्याहून कमी राहिला होता, लिंबाच्या सालीच्या रंगाचा.

उरलेल्याला हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के. लेबल वाचल्याशिवाय लावू नका, काही दुकानांत ३ टक्क्यांचंही असतं, आणि केस रंगवायच्या सामानाच्या दुकानातलं याहून कडकही असू शकतं. लावण्याआधी व्हिनेगर लावलेली जागा साध्या पाण्याच्या फडक्याने टिपून घेतली. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकाच बाटलीत मिसळण्याचे सल्ले फिरत असतात, तसं करू नये, त्यातून पेरासेटिक आम्ल बनतं आणि ते डोळ्यांना, घशाला झोंबतं. पेरॉक्साइडचा फायदा असा की काम झाल्यावर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, कापडात मागे काही उरत नाही.

फवारा मारला आणि सोडून दिलं. ते सोडून देणंच घरच्यांना जमत नाही. दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन बोट लावून बघत होतं.

दुपारपर्यंत हाताचा वरचा भाग क्रीम दिसायला लागला. उशीवर फिकट छटा होती. शेवटी पूर्ण पॅनेल, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, ओलसर फडक्याने सारखं पुसून घेतलं. फक्त डागाची जागा साफ केली की वाळल्यावर पाण्याची गोल कड उमटते आणि ती डागाइतकीच डोळ्यात भरते. मग वेट-ड्राय व्हॅक्यूमने ओढलं आणि पंखा लावला. घरी हे यंत्र नसेल तर जाड टॉवेलची घडी दाबून वर अंगाचा भार देणं, टॉवेल बदलून परत देणं, याला पर्याय नाही. असा दाट फोम आत ओला राहिला तर वरून कोरडा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास सोडतो. वैशाख होता म्हणून निभावलं. हेच आषाढात झालं असतं तर मी निम्मंच पाणी वापरलं असतं आणि डाग जास्त राहू दिला असता.

उशीला चेन होती. मामांचं म्हणणं, कव्हर काढून मशीनला टाकू या. ही चेन धुण्यासाठी नसते, फोम आत बसवता यावा म्हणून कारागीर ती लावतो. मिश्र कापडाचं कव्हर मशीनमध्ये आटलं तर उशीवर परत चढत नाही, आणि चढलं तरी बाकीच्या सोफ्यापेक्षा उजळ दिसतं. त्यापेक्षा ऊन. ती उशी गॅलरीत, डाग उन्हाकडे करून उभी केली. सोफा ओढून खिडकीपाशी आणला, म्हणजे हातावर सकाळचं ऊन पडावं. कर्क्युमिन निळ्या-जांभळ्या प्रकाशाने मोडतं, म्हणून काचेतून आलेलं ऊनही काम करतं, जरा सावकाश इतकंच. मात्र उशी आठवडाभर उन्हात ठेवायची नाही, मूळ कापडही उतरेल. रोज थोडा वेळ, आणि रोज बघायचं.

गालिचाचा चहा हा वरवर सोपा डाग. दुधाच्या चहात तीन वेगळ्या वस्तू असतात आणि तिघींची औषधं वेगळी. दुधाची प्रथिनं आणि साय, साखर, आणि चहाला तुरटपणा नि रंग देणारं टॅनिन. प्रथिनांना गरम पाणी लावलं की ती थिजून धाग्याला धरतात, म्हणून गारच पाणी. साखर दिसत नाही, पण राहिली तर चिकट होऊन पायाची धूळ ओढते. महिनाभराने ‘चहाचा डाग परत आला’ म्हणून लोक फोन करतात तेव्हा बरेचदा तो साखरेवर बसलेला मळ असतो. टॅनिनला सौम्य आम्ल मानवतं, वडीचा साबण मात्र ते घट्ट करतो.

त्यातून गालिचा लोकरीचा. लोकर म्हणजे केसच, केराटिन नावाचं प्रथिन. क्लोरीन ब्लीच तिला अक्षरशः विरघळवतं. हल्लीच्या बऱ्याच डिटर्जंटमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, ती रक्ताच्या आणि दुधाच्या डागावर सुती कपड्यात उत्तम, पण लोकर आणि रेशीम स्वतःच प्रथिनं असल्याने एन्झाइमला डाग आणि धागा यांत फरक कळत नाही. म्हणून लोकरीच्या स्वेटरांसाठी असतं ते लिक्विड, गार पाण्यात, अगदी थोडं.

त्याआधी रंगाची परीक्षा. मरून भागावर ओलं पांढरं फडकं पाच मिनिटं वजनाखाली ठेवलं. साध्या पाण्याला आणि व्हिनेगरच्या पाण्याला रंग आला नाही, लिक्विडच्या पाण्याला किंचित गुलाबी झाक आली. रंगखात्यातली ओळख इथे कामी आली. लोकर बहुतेक आम्लधर्मी रंगांनी रंगवतात, ते रंग आम्लात धाग्याला धरून राहतात आणि अल्कात सुटायला बघतात. तेव्हा क्रम असा ठेवला: गार पाण्याने टिपून दूध-साखर कमी करणं, लिक्विडचा एकच हलका हात, लगेच व्हिनेगरचं पातळ पाणी, आणि शेवटी परत साधं पाणी. गालिचाखाली जाड टॉवेल, वर टॉवेल, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला वरवंटा.

संध्याकाळी निघालो तेव्हा चहा दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी, ऐन लग्नाच्या गडबडीत, मामांनी फोटो पाठवला: जागा परत तपकिरी, आणि कडेला गडद रेघ. हे अपेक्षित होतं आणि मी सांगूनही ठेवलं होतं. गाठी लोकरीच्या असल्या तरी त्या ज्या उभ्या धाग्यांवर मारतात तो ताणा सुती असतो. चहा खाली ताण्यापर्यंत गेलेला असतो, वरून वाळायला लागलं की पाणी टोकांकडे चढतं आणि चहा घेऊन चढतं. यावर घाबरून परत भरपूर पाणी ओतलं की तेच चक्र पुन्हा. लग्न उरकल्यावर गेलो, वरवरची टोकं फक्त व्हिनेगरच्या पाण्याने ओलसर केली आणि कोरडा टॉवेल वजनाखाली रात्रभर ठेवला. सकाळी टॉवेलवर तपकिरी ठसा होता, गालिचावर नव्हता.

मेंदी राहिली. ती गेली नाही, हे इथेच सांगतो.

मेंदी निघालेल्या रात्री कुणीतरी ओल्या हाताने गालिचावर टेकून बसलं होतं. हस्तिदंती पट्टीवर तळव्याच्या कडेचा ठसा, त्यात तीन बोटं ओळखू यावीत इतका स्पष्ट. वाळलेला चुरा बोथट सुरीने खरवडून व्हॅक्यूम केला, खाली केशरी-तपकिरी रंग. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनशी रासायनिक बंध करतं. हातावर आणि केसांवर ती रंगते याच गुणाने, आणि लोकरीवरही अगदी तशीच रंगते. म्हणजे हा डाग म्हणण्यापेक्षा गालिचाचा तेवढा भाग रंगवला गेला होता, आणि दीड दिवस झालेला रंग पक्का बसतो. पातळ पेरॉक्साइड एका टोकाला लावून बघितलं. किंचित उतरलं, पण शेजारची हस्तिदंती लोकर पांढरी पडायला लागली. तिथेच सोडलं. नवरीच्या आईंना सांगितलं की यापुढे औषध लावलं तर मेंदी जाईल न जाईल, गालिचा जाईल.

मग गालिचेवाले करतात तो उपाय केला. ठसा टेकल्याचा होता, सांडल्याचा नव्हता, त्यामुळे रंग टोकांवरच होता, मुळाशी नव्हता. बाकदार बारीक कात्रीने टोकं जेमतेम मिलिमीटरभर कातरली, कडेला उतार देत, म्हणजे खड्डा दिसू नये. दोन बोटांची जागा जवळजवळ पूर्ण गेली. तिसऱ्या ठिकाणी, जिथे तळव्याचा भार पडला होता, रंग खोल होता. तिथे कातरत बसलो असतो तर ताणा दिसला असता. ते टोक टीपॉयखाली येईल असा गालिचा फिरवून घातला. नवरीच्या आईंना ते मनापासून पटलं. त्या म्हणाल्या, “असू दे, पोरीचाच हात असेल.” नवरीने मात्र ठामपणे सांगितलं की तिचा नव्हे, धाकटीचा आहे.

सोफ्याची उशी त्या उन्हात निवळली, दिवसाउजेडी बघूनही सांगता येणार नाही अशी. हाताचा वरचा भागही गेला. राहिली ती हाताच्या कडेची पायपिंग, वीतभर. पायपिंगच्या आत सुती दोरी असते, तिने तेल आणि हळद दोन्ही पिऊन ठेवलं होतं, आणि ती साफ करायला आत पोचताच येत नाही. वरून कितीही पांढरं केलं तरी आतून पिवळं परत येणार. ती पायपिंग उसवून नवी लावायला कारागिराला सांगा, म्हटलं, तासाभराचं काम आहे, आणि कापड सोफ्याच्या तळाशी दुमडलेलं आहे त्यातूनच निघेल. त्यांनी दिवाळीच्या आधी करून घेतलं. धाकटीच्या वेळी हळद गच्चीवर लावायची, हे मात्र आत्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.